गेटाच्या आतल्या बाजूला

सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली, दारव्ह्याच्या चौकात मंडळाचे बांबू उभे राहिले, की माझ्या उजव्या हाताला लोखंडाचा वास यायला लागतो. साबणानं घासून धुतला तरी जात नाही. नवरा हसतो. "तिकिटाच्या मशीनचा असन," म्हणतो. मशीन प्लास्टिकचं आहे, हे त्यालाही माहीत आहे.

मी एसटीत वाहक आहे. दारव्हा ते नेर, कधी लाडखेडवरून यवतमाळ. भादव्यात आमच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. महालक्ष्म्यांसाठी माहेरी निघालेल्या बाया, त्यांच्या मांडीवरची झोपलेली लेकरं, सोळा भाज्यांच्या पिशव्या, कुणाच्या तरी हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला मखराचा थर्माकोल. "अवो बाई, सरकान जराशा!" "कुठी सरकू वो, खिडकीतून भायेर?" मग सगळी गाडी हसते. मी त्या दाटीतून तिकिटं फाडत मागच्या सीटपर्यंत जाते आणि मला जराही भीती वाटत नाही. कारण ही गर्दी बोलते. एकमेकींना शिव्या देते, सोयाबीनचा भाव विचारते, कुणाच्या सुनेला दिवस गेले ते सांगते. गर्दी बोलत असते तोवर काही होत नाही.

मुकी गर्दी मी पुण्यात पाहिली. जमिनीखाली जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी.

तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. दारव्ह्याजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात राहून मी नोकरीच्या परीक्षा देत होते. परीक्षा व्हायच्या, निकाल लागायचे नाहीत. त्या वर्षी तीज संपली, पोरींनी टोपल्यांत वाढवलेले गव्हाचे हिरवे तुरे पाण्यात सोडून झाले आणि तांडा एकदम सुना झाला. त्याच आठवड्यात बेबीताईचा फोन आला. बेबीताई नेरकडच्या. कापूस-तुरीची शेती असलेल्या घरातल्या, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठ्या. एका प्रशिक्षणात आमची ओळख झालेली. नवऱ्यामागे त्या पुण्याला गेल्या होत्या आणि मेट्रोच्या एका भुयारी स्टेशनावर गर्दी सांभाळायच्या कामाला लागल्या होत्या. "गणपतीसाठी बाया पायजेत म्हन्तेत," त्या म्हणाल्या. "येतं का? राहाले माह्याच खोलीत राह्य."

बापूंना, माझ्या वडिलांना, गंमत वाटली. आमच्या मागच्या पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरल्या. "आपले लोक मीठ वाहत होते," बापू म्हणाले, "तू माणसं वाहायला चालली." याडीला, म्हणजे माझ्या आईला, गंमत वाटली नाही. ती गोरबोलीतच विचारत राहिली, जमिनीखाली माणसं जातातच कशाला? तिच्या लेखी जमिनीखाली पाणी असतं आणि जुन्या काळी पेवात ज्वारी असायची. माणसाचं तिथं काम नाही.

पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं. सरकत्या जिन्यावरून खाली उतरताना उजेड वरच राहिला. एक जिना, मग तिकिटांचा हॉल, मग आणखी एक जिना, आणि सगळ्यांत खाली फलाट. तिथली हवा वेगळीच. ओल्या सिमेंटची, गार, कुणीच न वापरलेली. गाडी यायच्या आधी बोगद्यातून एक झुळूक येई, मग वारा, आणि मग दिवे. अंगावरची लव उभी राहायची. बेबीताई म्हणाल्या, "पह्यले आठ दिवस घाबरशीन. मंग तुले वर रस्त्यावर घाबरल्यासारखं होईन." खरंच तसं झालं.

आमची जागा सगळ्यांत वर होती, रस्त्याच्या तोंडाशी. तिथं सरकतं लोखंडी गेट होतं, उभ्या गजांचं, माणसापेक्षा थोडं उंच. गेटाच्या आत दोन-चार पावलांवर जिना सुरू होई; गर्दी वाढली की तो सरकायचा थांबवत. काम साधं होतं. खाली फलाट भरला की खालचे लोक वर कळवायचे, तिकिटांचा हॉल भरला की वॉकीटॉकीवर आमच्या साहेबांचा आवाज यायचा, "गेट बंद." की आम्ही गेट ओढायचं आणि कडी घालायची. खालची माणसं गाड्यांतून निघून गेली, जागा झाली, की "गेट उघडा." पुन्हा उघडायचं. साहेब रागीट नव्हते, पण एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्या बायांना उभं करून सांगितली होती. गेट बंद झालं की कुणासाठीही उघडायचं नाही. कुणी रडलं तरी नाही. कारण बाहेरचा लोंढा आत आला, तर तो जिन्यावरून चालत उतरणार नाही, पडत उतरेल. आणि जिन्यावर आधीच माणसं उभी असतात.

ऐकताना सोपं वाटलं. डोकं हलवून मोकळी झाले.

गणपती बसले. सकाळी स्टेशन नेहमीसारखं असायचं, ऑफिसची माणसं कानात वायर घालून एकामागे एक उतरायची, आमच्याकडे न बघता. दुपार कलली की रंग बदलायचा. आधी बायका, नव्या साड्यांत, पोरांचे हात धरून. मग कॉलेजची पोरं-पोरी, पांढरे कुर्ते, कपाळावर टिळे. मग गावोगावची माणसं, वर बघत चालणारी, जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थबकणारी. त्यांना पाहिलं की मी पुढं व्हायची. "या मावशी, हात द्या, पाय उचला आता." वर रस्त्यावर ढोल सुरू असायचे. त्यांचा आवाज कानात न जाता पायांतून वर चढायचा. संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात तो ठोका बसलेला असे, आणि खोलीवर जेवतानाही थांबत नसे.

तेव्हाच मी गर्दी ऐकायला शिकले. पातळ गर्दीत चपला वाजतात. दाट झाली की चपला ऐकू येत नाहीत, नुसता बोलण्याचा गलका असतो. आणखी दाट झाली की गलका हळूहळू बसत जातो. कारण माणसाला श्वास पुरवून वापरावा लागतो, बोलण्यावर खर्च करता येत नाही. लहानपणी कापसाच्या गाडीत आम्हा पोरांना चढवायचे, कापूस तुडवायला. उडी मारली की मऊ कापूस छातीपर्यंत वर यायचा, तोंडात, नाकात जायचा, आणि ओरडलं तरी आवाज बाहेर निघायचा नाही. दाट गर्दीकडे पाहिलं की मला तो कापूस आठवायचा.

विसर्जनाला दोन दिवस उरले होते. सुट्टीचा वार. दिवेलागणीलाच हॉल भरला. त्या दिवशी आम्ही तोवर कितीदा तरी गेट लावलं आणि उघडलं होतं. वॉकीटॉकी बोलला, "गेट बंद." मी "थांबा, थांबा, पुढची गाडी" म्हणत गेट ओढत आणलं. शेवटच्या फटीतून एक बाई आत घुसली. खांद्यावर तान्हं बाळ, दुसरा हात मागे. गेट खांबाला लागलं, मी कडी घातली आणि वळले, तर ती बाई आपल्या रिकाम्या हाताकडे बघत उभी होती.

"माझी मुलगी!"

मुलगी गेटाच्या बाहेर होती. सहा-सात वर्षांची, पिवळा फ्रॉक, केसांत मोगऱ्याचा छोटा गजरा. गजांना चिकटून उभी. तिचा एक हात आत आला होता आणि बोटं उघडमीट करत होती.

"उघडा ना! एक मिनिट उघडा, तिला घेते!" बाई म्हणाली. ती ओरडत नव्हती अजून. तिला वाटत होतं, ही चूक आहे आणि ती लगेच दुरुस्त होईल. मलाही तसंच वाटलं. माझा हात कडीवर गेला.

"उघडू नोको," बेबीताई माझ्या कानाशी म्हणाल्या.

मी गेटाकडे पाहिलं. ते माझ्याकडे फुगलेलं होतं. लोखंड, आणि ते पोटासारखं पुढं आलेलं. कडी तिच्या खाचेत इतकी ताणून बसली होती, की ती सुटली असती तर पुन्हा बसलीच नसती. माझ्या पाठीमागे जिन्यावर माणसं खचाखच उभी होती. एक म्हातारे आजोबा, काठी टेकून, सगळ्यांत वरच्या पायरीवर. त्यांची पाठ गेटाकडे होती. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"अहो ताई, उघडा! दिसत नाही का तुम्हाला? मरेल ती!" आता ती ओरडली. तिची नखं माझ्या दंडात रुतली. गेटाबाहेर जांभळ्या साडीतल्या एक दांडग्या बाई होत्या, त्याही माझ्यावर तुटून पडल्या. "काय दगड आहेस का गं तू? लेकराचं तोंड बघ! उघड!"

मी तोंड बघितलं. पोरगी रडत नव्हती. तेच वाईट होतं. तिनं तोंड उघडलं होतं आणि आवाज येत नव्हता. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की जांभळ्या साडीतल्या बाई सोडल्या तर पुढच्या रांगेतलं कुणीच बोलत नव्हतं.

तो माणूस तेव्हा मला दिसला. पोरीच्या बरोबर मागे होता. तिशीचा असेल, पांढरा कुर्ता, कमरेला ढोल बांधायचा पट्टा, ढोल नाही. त्यानं दोन्ही हात पोरीच्या डोक्याच्या दोन बाजूंनी पुढं आणून गज धरले आणि कोपरं ताठ केली. मागचा सगळा भार त्याच्या पाठीवर आला. त्याच्या छातीत आणि पोरीच्या पाठीत वीतभर जागा झाली. पोरीनं श्वास घेतला. तो आवाज मला ऐकू आला.

"मॅडम," तो म्हणाला, शब्द मोजून, "उघडू नका. वरून घ्या. वर जागा आहे."

वर खरंच जागा होती. गेट आणि छपराच्या मध्ये, एक पोर निघेल एवढी. मी बाजूच्या कठड्यावर चढले. बेबीताईंनी एका हातानं त्या आईला धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं माझा पाय. "पड्ली तं मी हाव खाली," त्या म्हणाल्या. मी गेटाच्या वरच्या पट्टीवर पोट टाकून दोन्ही हात खाली सोडले.

पण त्याला पोरीला उचलता येईना. उचलायचं तर गज सोडायला हवे होते, आणि गज सोडले असते तर तो स्वतःच तिच्यावर चेपला गेला असता. त्यानं एकदा एक हात सैल करून पाहिला आणि लगेच पुन्हा धरला. त्याच्या मानेची शीर दोरीसारखी उभी राहिली होती. मी वरून ओरडले, "कुणीतरी धरा! त्याच्या पुढून हात घाला!"

जांभळ्या साडीतल्या बाईंनी शिव्या थांबवल्या. त्यांनी आपला जाडजूड हात, बांगड्यांसकट, त्याच्या छातीपुढून आडवा घातला आणि गज पकडला. दुसऱ्या बाजूनं एका चष्मेवाल्या पोरानं तसाच हात घातला. दोन हातांचा अडसर तयार झाला. "उचल रे बाबा," बाई म्हणाल्या. "लवकर. माझा हात जाईल."

त्यानं गज सोडले. तो पुढं आला, त्या दोन हातांवर आदळला. बाईंच्या बांगड्या फुटल्याचा आवाज आला. त्यानं पोरीला काखांत हात घालून वर ढकललं. तिची मनगटं माझ्या हातांत आली. घामानं ओली, चिमुकली. मी ओढलं. फ्रॉक वरच्या पट्टीच्या कडेला अडकला. क्षणभर ती तिथं मध्येच लटकली, ना आत ना बाहेर, आणि माझी बोटं निसटायला लागली. खालून त्यानं तिच्या तळपायांना तळहात लावले आणि आणखी वर रेटलं. फ्रॉक टर्रकन फाटला. पोरगी माझ्या अंगावर आली.

बेबीताईंनी तिला खाली घेतलं. मी मात्र वरच राहिले. कारण तिथून मला पहिल्यांदा पूर्ण गर्दी दिसली.

गेटाशी माणसं पांढरी पडली होती. पण मागे, रस्त्याच्या पलीकडे, सगळं छान चाललं होतं. पोरी एकमेकींचे फोटो काढत होत्या. कुणी कणीस खात होतं. एक बाप पोराला खांद्यावर घेऊन आरास दाखवत होता. रांग पुढं का सरकत नाही म्हणून प्रत्येक जण समोरच्याला किंचित, अगदी किंचित पुढं लोटत होता. त्यात वाईट माणूस एकही नव्हता. तो छोटासा धक्का माणसामाणसांतून वाढत येऊन त्या ढोलवाल्याच्या पाठीवर उतरत होता, आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. मी शिट्टी फुंकली. ढोलांत ती कुठं ऐकू येणार? मी दोन्ही हात उंच करून मागे, मागे, असं लोटत राहिले. लोकांना वाटलं, मी नाचते आहे. एकानं मला हात केला.

"कोपऱ्यावर आमचं पथक आहे," खालून तो म्हणाला. त्याचा आवाज आता जेमतेम येत होता. "त्यांना हे दाखवा." त्यानं मनगटाला गुंडाळलेली भगवी पट्टी दातानं ओढून सोडवली, चष्मेवाल्या पोरानं ती माझ्याकडे दिली. मी ती फडकवली. कोपऱ्यावरच्या पांढऱ्या कुर्त्यांपैकी एका मुलीनं पाहिलं. तिनं आधी हसून हात हलवला, मग तिचा हात हवेतच थांबला. तिला कळलं. ढोल थांबले. त्या पोरांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली आणि शेवटच्या रांगांना मागे घ्यायला सुरुवात केली. ढोल थांबल्यावर जी शांतता झाली, तिच्यात माझी शिट्टी पहिल्यांदा ऐकू गेली. लोक वळले. एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. माझ्या पोटाखाली गेट हळूहळू सरळ झालं.

मी खाली उतरले. ती आई जमिनीवर बसून पोरीला चाचपत होती, डोकं, बरगड्या, बोटं. तान्हं बाळ बेबीताईंकडे होतं. आई उठली, माझ्यासमोर आली आणि तिनं मला कानशिलात मारली. जोरात. डोळ्यांपुढं अंधारी आली.

"उघडलं नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "बघत उभ्या राहिलात."

मग तिनं बाळ घेतलं, पोरीचा हात धरला आणि जिना उतरून गेली. म्हाताऱ्या आजोबांनी कडेला होऊन तिला वाट दिली.

मला रडू आलं. मार लागला म्हणून नाही. मला वाटलं, मी जे केलं ते बरोबर असेल तर मग हे काय? बेबीताईंनी पदरानं माझं तोंड पुसलं. "मारलं तं बरंच केलं तिनं," त्या म्हणाल्या. "तुले नाई तं कोनाले मारन? थ्या गर्दीले मारता येते काय?"

त्यांचं हे बोलणं मी पुढं कितीदा तरी उलटसुलट करून पाहिलं. ती आई बरोबर होती. तिच्या जागी याडी असती तर तिनंही हेच केलं असतं, आणखी दोन दिल्या असत्या. मीही बरोबर होते. एका गेटाच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी असतात, दोघंही बरोबर असतात आणि कडी एकाच्याच हातात असते. पुढं वाहकाच्या परीक्षेचा निकाल लागला आणि मी गावाकडे आले. आता भरलेली गाडी सोडायची डबल बेल मारण्याआधी थांब्यावर राहिलेली माणसं मला हात करतात, काही शिव्या देतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघते. बघायचं टाळत नाही. चालक विचारतो, "काहून थांबली वो?" मी म्हणते, "कोनाचं लेकरू खाली राह्यलं का, पाहून राह्यली." पाहून झालं की बेल मारते.

त्या संध्याकाळचं एवढंच राहिलं सांगायचं. थोड्या वेळानं खाली जागा झाली आणि साहेबांचा आवाज आला, "गेट उघडा." माझा हात कडीकडे जाईना. मी बेबीताईंकडे पाहिलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. "तूच उघड," म्हणाल्या. "आज नाई उघडलं तं उद्या थो हात उठणार नाई तुह्या."

मी उघडलं. एक माणूस मावेल एवढंच. मला वाटलं होतं, झुंबड होईल. झाली नाही. पुढच्या रांगेतली माणसं एकेक करून आत आली, पाय जपून टाकत, दवाखान्यात येतात तशी. चष्मेवाला पोरगा आला आणि चष्मा पुसत खाली गेला. जांभळ्या साडीतल्या बाई आल्या. त्यांच्या हातावर गजाचा निळा वळ उठला होता आणि फुटक्या काचेनं रक्त आलं होतं. मी हातातली भगवी पट्टी पुढं केली, ती त्यांनी घेतली. "काय नाव होतं गं पोरीचं?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. "असू दे," त्या म्हणाल्या, आणि माझा सुजलेला गाल बघून न बघितल्यासारखं करून जिन्याकडे वळल्या.

ढोलवाला मात्र आत आला नाही. त्याला कुठं जायचंच नव्हतं. बायकोला स्टेशनात सोडून परत पथकाकडे निघाला होता आणि उलट्या बाजूनं येताना गर्दीत सापडला होता, असं पथकातला त्याचा मित्र सांगत होता. तो गेटाबाहेर खांबाला टेकून उभा होता. उजवा हात छातीशी धरलेला. मी गज धरून विचारलं, "दवाखान्यात जाता का? बोलवू कुणाला?"

त्यानं मान हलवली. "पोरगी आईला मिळाली ना?"

"मिळाली. गाडीत बसून गेल्या."

"मग झालं."

पथकातल्या मुलीनं त्याचा ढोल आणला. त्यानं उजवा हात वर करून पाहिला, तो खांद्याच्या वर गेला नाही. ढोल त्यानं परत दिला आणि पथकाचा भगवा ध्वज मागून घेतला. डाव्या हातानं ध्वज उंच धरून तो पुढं झाला. मागे ताशा सुरू झाला, मग ढोल. तो आमच्या रस्त्यानं न जाता पलीकडच्या मोठ्या चौकाकडे चालायला लागला. रस्त्यावर ताटकळलेली ती सगळी माणसं, कणसं खाणारी, पोरं खांद्यावर घेतलेली, ढोल ऐकून हळूहळू तिकडे वळली आणि त्याच्या मागोमाग निघाली, गेटापासून लांब.